तंतुप्रबलित प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमधील तंतुभंग आणि त्याच्या नियंत्रणाचा इतिहास : एक अभ्यास

सारांश :

काचतंतू मिसळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबाने भरून वस्तू तयार करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. या पद्धतीत एक अंतर्विरोध आरंभापासून आहे. ज्या तंतूंमुळे प्लॅस्टिकला बळकटी येते, तेच तंतू वस्तू तयार होत असताना तुटतात. प्रस्तुत शोधनिबंधात या तंतुभंगाची जाणीव कशी झाली, त्याची कारणमीमांसा कोणत्या ज्ञानशाखांतून आली आणि तो कमी करण्याचे उपाय कोणत्या क्रमाने पुढे आले, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. उपायांच्या मर्यादेचे मूळ तंतूच्या लांबीशी निगडित असलेल्या एका गणिती संबंधात आहे, हे दाखविण्याचा प्रयत्नही येथे केला आहे.

बीजसंज्ञा : काचतंतू, तंतुप्रबलित प्लॅस्टिक, इंजेक्शन मोल्डिंग, क्रांतिक लांबी, तंतुभंग, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधांच्या व शोधकांच्या अंगाने केले जाते. यंत्र कोणी बनविले, पेटंट कोणत्या वर्षी मिळाले, उत्पादन केव्हा बाजारात आले, यांवर त्यात भर असतो. परंतु एखादे तंत्र रूढ झाल्यानंतर त्यात राहून गेलेला दोष कसा ओळखला गेला आणि तो दूर करण्यासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वास्तविक पाहता, विज्ञान आणि उद्योग यांचे परस्परसंबंध समजून घेण्यासाठी असा दोषाचा इतिहास अधिक उपयुक्त ठरतो.

तंतुप्रबलित प्लॅस्टिक आज सर्वपरिचित आहे. मोटारगाडीच्या इंजिनावरील इनटेक मॅनिफोल्ड, रेडिएटरच्या टाक्या, विजेवर चालणाऱ्या हत्यारांची आवरणे, पंपांचे पंखे अशा असंख्य वस्तू काचतंतूयुक्त नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनपासून तयार होतात. महाराष्ट्रात पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण या परिसरातील वाहन-उद्योगालाही अशा सुट्या भागांची नित्य गरज असते. पूर्वी धातूपासून बनणाऱ्या या वस्तू प्लॅस्टिकच्या होऊ शकल्या, त्याचे श्रेय प्रामुख्याने तंतूंना आहे. शुद्ध कोरड्या नायलॉन ६६ चा प्रत्यास्थता गुणांक सुमारे ३ गिगापास्कल असतो. वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळल्यास तो ९ ते १० गिगापास्कलपर्यंत जातो. ही वाढ टिकवावयाची, तर तंतू पुरेसे लांब राहिले पाहिजेत. ते तसे राहतात का, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. तंतुप्रबलित प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. तंतुभंगाची कारणमीमांसा कोणत्या ज्ञानशाखांतून विकसित झाली, हे तपासणे.
३. तंतुभंग कमी करण्याच्या उपायांचा कालक्रम व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

१. दोन स्वतंत्र प्रवाह : यंत्र आणि तंतू

इंजेक्शन मोल्डिंगचा उगम एकोणिसाव्या शतकातील आहे. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट व आयझाया हायट या बंधूंनी १८७२ मध्ये सेल्युलॉइडला आकार देणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. दट्ट्याने तापवलेले द्रव्य साच्यात ढकलावयाचे, असे त्याचे साधे तत्त्व होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॉलिस्टायरीनसारखी तापविल्यावर मऊ होणारी प्लॅस्टिके उपलब्ध झाली आणि या यंत्राचा प्रसार वाढला. तथापि दट्ट्याच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. नळकांड्याच्या भिंतीजवळचे प्लॅस्टिक लवकर वितळे, मधले मात्र अर्धवट राही. १९४६ मध्ये जेम्स हेंड्री यांनी स्क्रूचा वापर असलेले इंजेक्शन यंत्र तयार केले. पुढे विल्यम विलर्ट यांना मागेपुढे सरकणाऱ्या स्क्रूच्या रचनेचे अमेरिकन पेटंट १९५६ मध्ये मिळाले. फिरताना प्लॅस्टिक वितळविणारा व घुसळणारा आणि नंतर दट्ट्याप्रमाणे पुढे सरकून ते साच्यात भरणारा हा स्क्रू आजच्या बहुतेक यंत्रांचा गाभा आहे.

तंतूंचा प्रवाह यापेक्षा वेगळा होता. काचेचे धागे फार पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु काचेचा धागा जितका बारीक तितका तो अधिक बळकट, हे इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. काचेचा ठिसूळपणा तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांमुळे असतो आणि बारीक धाग्यात मोठी भेग असण्याची शक्यता कमी असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन येथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण धाग्यांच्या परस्पर घासण्याने अशाच भेगा नव्याने निर्माण होतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर व डेल क्लाइस्ट यांच्या कार्यामुळे काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर हे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवून नौका व वाहनांचे सांगाडे बनू लागले. १९५३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट ही मोटारगाडी त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मात्र या वस्तूंमध्ये तंतूंचे कापड किंवा चटया साच्यात पसरून वर रेझिन ओतले जात असे. तंतूंना कोठेही वाहावे लागत नव्हते, त्यामुळे ते तुटण्याचा प्रश्नही फारसा उद्भवत नव्हता.

२. प्रवाहांचा संगम आणि अंतर्विरोधाचा उदय

हे दोन्ही प्रवाह एकत्र आणण्याचे महत्त्वाचे कार्य अमेरिकेतील इंडियाना राज्यातील वॉर्सा येथील फायबरफिल कंपनीचे रेक्सफर्ड ब्रॅट यांनी केले. काचतंतूयुक्त इंजेक्शन मोल्डिंग मिश्रणाचे त्यांचे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. त्यातील कल्पना अशी होती की, काचतंतूंच्या अखंड लडीवर वितळलेले प्लॅस्टिक चढवावयाचे आणि थंड झालेल्या दोरीचे लहान तुकडे करावयाचे. अशा प्रत्येक दाण्यात तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात. दाण्याची लांबी हीच तंतूची लांबी ठरते. आजच्या परिभाषेत ज्यांना लांब-तंतूंचे दाणे म्हणतात, त्यांचे हे पूर्वरूप होय.

येथे एक उल्लेखनीय बाब लक्षात येते. सामान्य समज असा की, आधी आखूड तंतू वापरले गेले आणि प्रगती होत गेल्यावर लांब तंतू आले. प्रत्यक्षात आरंभ लांब तंतूंनीच झाला. परंतु त्या दाण्यांतील तंतू जुडग्यांच्या रूपात एकत्र चिकटून राहत. ते साच्यात नीट पसरत नसत, वस्तूच्या पृष्ठभागावर त्यांचे पुंजके दिसत आणि बळकटी सर्वत्र सारखी मिळत नसे. त्यामुळे १९६० च्या दशकात दुसरी पद्धत लोकप्रिय झाली. तीत सुमारे ३ ते ५ मिलिमीटर लांबीचे कापलेले तंतू आणि प्लॅस्टिक एक्स्ट्रूडरमध्ये एकत्र घुसळून दाणे पाडले जात. हे दाणे एकसारखे होते, स्वस्त होते आणि कोणत्याही यंत्रात सहज चालत होते. त्यासाठी द्यावी लागणारी किंमत मात्र मोठी होती. घुसळण्याच्या क्रियेत तंतू तुटून सरासरी ०.२ ते ०.४ मिलिमीटरपर्यंत येत. इंजेक्शन यंत्रातून जाताना त्यांची लांबी आणखी घटे.

अशा रीतीने तंतू सर्वत्र समान पसरविणे आणि तंतूंची लांबी टिकविणे या दोन गरजा परस्परविरोधी ठरल्या. पसरविण्यासाठी घुसळावे लागते आणि घुसळले की तंतू तुटतात. या विषयाचा पुढील सर्व इतिहास या एका पेचाभोवती फिरतो.

३. लांबीचे महत्त्व : क्रांतिक लांबीची संकल्पना

तंतू तुटल्याने नेमके काय बिघडते, याचे उत्तर प्लॅस्टिक-उद्योगातून आले नाही. १९५२ मध्ये एच. एल. कॉक्स यांनी कागद व अन्य तंतुमय पदार्थांच्या प्रत्यास्थतेविषयी निबंध प्रसिद्ध केला. तंतूच्या टोकाशी भार शून्य असतो आणि मध्याकडे जाताना तो हळूहळू वाढतो, हे त्यांनी गणिताने मांडले. १९६५ मध्ये ए. केली व डब्ल्यू. आर. टायसन यांनी तांब्यात बसविलेल्या टंगस्टन व मॉलिब्डेनमच्या तारांवर प्रयोग करून क्रांतिक लांबीची संकल्पना स्पष्ट केली. तंतूभोवतीचे द्रव्य तंतूला त्याच्या पृष्ठभागावरून ओढते. तंतू पुरेसा लांब असेल, तर ही ओढ साठत जाऊन तंतूच्या पूर्ण ताकदीइतकी होते. तो आखूड असेल, तर ताकद वापरली जाण्यापूर्वीच तो आपल्या जागेवरून उपसला जातो.

क्रांतिक लांबी तंतूची ताकद व व्यास यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि पृष्ठभागावरील पकडीच्या दुपटीच्या व्यस्त प्रमाणात असते. एक उदाहरण घेता येईल. काचतंतूची ताकद २,००० मेगापास्कल, व्यास १० मायक्रोमीटर आणि पकड ३० मेगापास्कल मानल्यास क्रांतिक लांबी सुमारे ०.३३ मिलिमीटर येते. पकड ५ मेगापास्कल इतकीच असेल, तर ती २ मिलिमीटर होते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नायलॉनसारख्या काचेशी चांगले जुळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये आखूड तंतूंनीही बरेच काम होते. पॉलिप्रॉपिलीनसारख्या कमी पकड असलेल्या प्लॅस्टिकमध्ये मात्र तेच तंतू निरुपयोगी ठरू शकतात. काचतंतूंवर रासायनिक लेप देऊन पकड वाढविण्याचे जे प्रयत्न झाले, ते एका अर्थाने तंतुभंगावरील अप्रत्यक्ष उपायच होते. तंतू लांब राखता येत नसेल, तर लागणारी लांबीच कमी करावयाची, असा तो मार्ग होता.

१९७२ मध्ये डब्ल्यू. एच. बोयर व एम. जी. बेडर यांनी ही संकल्पना प्रत्यक्ष मोल्ड केलेल्या प्लॅस्टिकला लागू केली. तंतू वेगवेगळ्या लांबीचे व वेगवेगळ्या दिशांना वळलेले असताना बळकटीचा हिशेब कसा करावा, हे त्यांनी दाखविले. पुढे १९९६ पासून जे. एल. थॉमसन व सहकाऱ्यांनी काचतंतू व पॉलिप्रॉपिलीनवर केलेल्या पद्धतशीर प्रयोगांतून असे दिसून आले की, ताठपणासाठी सुमारे ०.५ मिलिमीटर लांबी पुरेशी असते, ताकदीसाठी काही मिलिमीटर लांबी लागते आणि आघात सोसण्याची क्षमताही लांबीबरोबर वाढत जाते. म्हणजेच तंतू तुटले तरी वस्तू ताठ राहते, परंतु आघात सोसण्याची तिची शक्ती आधीच घटलेली असते. हातात घेतल्यावर भक्कम वाटणारा भाग धक्का बसताच तुटतो, याचे एक कारण येथे सापडते. तंतुभंग हा बाहेरून न दिसणारा दोष आहे तो यामुळेच.

४. तंतू का तुटतो : कागदाच्या लगद्यातून आलेले उत्तर

वाहत्या द्रवातील कणांच्या गतीचे गणित जी. बी. जेफ्री यांनी १९२२ मध्ये मांडले होते. द्रवाचे थर एकमेकांवरून वेगवेगळ्या गतीने सरकत असतील, तर त्यातील लांबट कण गोल फिरत राहतो. तो बराच काळ प्रवाहाच्या दिशेने पडून असतो आणि मध्येच एकदम उलटतो. १९५९ मध्ये कॅनडातील ओ. एल. फोरगॅच व एस. जी. मेसन यांनी या विचाराला पुढे नेले. कागदाच्या लगद्यातील तंतू प्रवाहात कसे वागतात, हा त्यांच्या अभ्यासामागील प्रश्न होता. उलटताना तंतूवर काही क्षण दोन्ही टोकांकडून दाब येतो आणि तो दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की, बारीक काठी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जशी वाकते तसा तंतू वाकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. लगद्यातील मऊ तंतू वाकून पुन्हा सरळ होतो. काचेचा ठिसूळ तंतू मात्र फार वाकला की तुटतो.

फोरगॅच-मेसन यांच्या समीकरणानुसार तंतूला वाकविण्यास लागणारे प्रवाहातील प्रतिबल हे लांबी व व्यास यांच्या गुणोत्तराच्या जवळजवळ चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. या चौथ्या घाताचा अर्थ आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. काचेचा प्रत्यास्थता गुणांक ७२ गिगापास्कल, तंतूचा व्यास १० मायक्रोमीटर आणि वितळलेल्या प्लॅस्टिकमधील कर्तन-प्रतिबल ०.२ मेगापास्कल धरल्यास सुमारे ०.२५ मिलिमीटरपेक्षा लांब तंतू वाकू लागतात. आखूड-तंतूंच्या वस्तूंमध्ये प्रत्यक्ष आढळणारी लांबी साधारण याच पट्ट्यात असते. आता प्रतिबल निम्म्यावर आणले, तर ही मर्यादा ०.५० मिलिमीटर होत नाही. ती जेमतेम ०.३० मिलिमीटर होते. लांबी दुप्पट करावयाची, तर प्रतिबल सुमारे सोळा पटींनी कमी करावे लागते.

मोल्डिंग यंत्रावरील दाब, वेग किंवा तापमान थोडेफार बदलून तंतुभंगात फारसा फरक का पडत नाही, याचे स्पष्टीकरण या आकड्यांत आहे. तसेच जाड तंतू वापरल्याने प्रश्न सुटेल, ही अपेक्षाही येथे फोल ठरते. जाड तंतू अधिक लांबीपर्यंत तग धरतो हे खरे, परंतु व्यासाबरोबर क्रांतिक लांबीही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे गरज आणि उपलब्धता यांतील अंतर होते तेवढेच राहते.

प्रवाहाचे प्रतिबल हे एकमेव कारण नाही. तंतूंचे प्रमाण अधिक असल्यास ते एकमेकांवर घासतात. स्क्रू, बॅरल व साच्याच्या धातूवरही ते घासले जातात. या घर्षणाने तंतूंवर ओरखडे उमटून ग्रिफिथ यांनी वर्णिलेल्या भेगा निर्माण होतात आणि धातूचीही झीज होते. काचतंतूंचे काम करणाऱ्या यंत्रांना कठीण मिश्रधातूचे अस्तर दिलेली बॅरल व टणक केलेला स्क्रू वापरण्याचा प्रघात पडला तो यातूनच.

५. तंतू कोठे तुटतो : स्थानाचा शोध

कारण समजले तरी स्थान समजल्याशिवाय उपाय करता येत नाही. यासाठी संशोधकांनी एक कष्टाची पद्धत अवलंबिली. यंत्र चालू असताना अचानक थांबवावयाचे, स्क्रू बाहेर काढावयाचा आणि त्याच्या लांबीवर ठिकठिकाणी चिकटलेल्या प्लॅस्टिकचे नमुने घ्यावयाचे. ते नमुने भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसला जाळले की प्लॅस्टिक नाहीसे होऊन काचतंतू मागे राहतात. ते द्रवात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजावे लागतात.

अशा तपासणीतून जे. एम. लंट व जे. बी. शॉर्टॉल यांनी १९७९ च्या सुमारास आणि आर. फॉन टुर्कोविच व एल. अर्विन यांनी १९८३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. तंतूंची मोठी हानी प्लॅस्टिक वितळत असतानाच होते. वितळण्याच्या टप्प्यात दाण्यांचा काही भाग घन तर काही भाग द्रव असतो. तंतूचे एक टोक घन भागात घट्ट रुतलेले असते आणि दुसरे टोक वाहत्या थरात उघडे पडलेले असते. वाहता थर त्याला ओढतो व तंतू मुळाशी मोडतो. साच्याच्या अरुंद गेटमध्ये तंतू तुटतात असा समज स्वाभाविक होता आणि तो चुकीचाही नव्हता. परंतु गेटपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बरेचसे नुकसान झालेले असते, ही जाणीव नवीन होती.

मोजणीच्या पद्धतीचाही येथे विचार करणे आवश्यक आहे, कारण सरासरी कशी काढली यावर निष्कर्ष अवलंबून असतो. समजा, नऊ तंतू प्रत्येकी ०.२ मिलिमीटरचे व एक तंतू ८.२ मिलिमीटरचा आहे. संख्येनुसार सरासरी १ मिलिमीटर येते. लांबीचे वजन देऊन काढलेली सरासरी मात्र ६.७६ मिलिमीटर येते. नमुना एकच, परंतु दोन आकडे दोन वेगळी चित्रे उभी करतात. त्यातही नमुना उचलताना आखूड तंतू सांडले अथवा लांब तंतू हाताळताना मोडले, तर चूक आणखी वाढते. काचतंतूंची लांबी मोजण्याच्या पद्धतीसाठी २००६ मध्ये आयएसओ २२३१४ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

६. उपायांचा कालक्रम

तंतुभंग कमी करण्याचे उपाय स्थूलमानाने चार टप्प्यांत पाहता येतात.

अ) दाणे तयार करण्यातील बदल : तंतू वितळण्याच्या टप्प्यात तुटतात हे कळल्यावर ते त्या टप्प्यानंतर मिसळणे हा स्वाभाविक उपाय होता. दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये प्लॅस्टिक आरंभी घातले जाते आणि ते पूर्ण वितळल्यावर पुढील बाजूच्या तोंडातून तंतू सोडले जातात. वितळलेले द्रव्य तंतूंभोवती वंगणासारखे काम करते. ही रीत आज आखूड-तंतूंच्या दाण्यांसाठी सर्वमान्य आहे.

आ) लांब तंतूंचे पुनरागमन : १९८० च्या दशकात ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत एफ. एन. कॉग्सवेल व सहकाऱ्यांनी तंतूंची लड वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये पूर्ण भिजवून ओढून काढण्याचे तंत्र विकसित केले. त्यावर आधारित लांब-तंतूंचे दाणे ‘व्हर्टन’ या नावाने बाजारात आले. त्यांची लांबी साधारणपणे १० मिलिमीटरच्या आसपास असे. ब्रॅट यांच्या दाण्यांशी या दाण्यांचे साम्य उघड आहे, पण एक भेद निर्णायक होता. ब्रॅट यांच्या काळी प्लॅस्टिक बहुतांशी लडीच्या बाहेरून चढे, आता ते प्रत्येक तंतूभोवती पोहोचले. आधीच भिजलेल्या तंतूंना वेगळे करण्यासाठी जोराने घुसळण्याची गरज उरली नाही. पसरविणे व टिकविणे यांतील जुना पेच येथे प्रथमच काही अंशी सैल झाला.

इ) यंत्र व साचा यांतील बदल : लांब तंतूंचे दाणे जुन्या यंत्रात घातल्यास वस्तूत आखूड तंतूच मिळतात, हे लवकरच दिसून आले. आर. बेली व एच. क्राफ्ट यांचा १९८७ मधील अभ्यास याच प्रश्नाशी संबंधित होता. यातून काही नियम रूढ झाले. स्क्रूच्या आट्या खोल असाव्यात व त्यावरील दाबवाढ सौम्य असावी. स्क्रूचा वेग व बॅक प्रेशर शक्य तितके कमी ठेवावे. टोकावरील झडपेतून व नोझलमधून द्रव्य मोकळेपणाने वाहावे. रनर व गेट रुंद असावेत, त्यांत काटकोनी वळणे नसावीत. बॅरलच्या मागील भागाचे तापमान थोडे अधिक ठेवल्यास दाणे घर्षणाने वितळण्याऐवजी उष्णतेने मऊ होतात आणि तंतू वाचतात. यांतील बहुतेक नियम प्रतिबल कमी करण्याचेच आहेत. चौथ्या घाताचा नियम लक्षात घेता, एकटा कोणताही उपाय पुरेसा पडत नाही. सर्व उपाय एकत्र केल्यावरच लक्षणीय फरक पडतो. साचा बनवून झाल्यानंतर गेट रुंद करणे खर्चाचे असते. त्यामुळे तंतूंचा विचार साच्याच्या आरेखनापासूनच व्हावा लागतो.

ई) टप्पे कमी करणे व पूर्वानुमान : दाणे करण्यासाठी एकदा वितळविणे व वस्तू करण्यासाठी पुन्हा वितळविणे, यांतील एक टप्पा गाळण्याचा विचार १९९० च्या दशकात बळावला. जर्मनीतील क्राउस-माफाय कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस एक्स्ट्रूडर व इंजेक्शन यंत्र जोडून एकच यंत्र सादर केले. त्यात अखंड लड थेट वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये सोडली जाते आणि मिश्रण थंड न होता साच्यात जाते. दुसरीकडे संगणकीय पूर्वानुमानाची प्रगती होत होती. १९८४ मध्ये एफ. फोल्गार व चार्ल्स टकर यांनी तंतूंच्या दिशेचे गणित मांडले. १९८७ मध्ये सुरेश अडवाणी व टकर यांनी ते संगणकाला सुलभ होईल अशा रूपात आणले. दिशेचे गणित १९८० च्या दशकात आले, लांबीचे मात्र बरेच मागे राहिले. लांब तंतूंच्या तुटण्याचे प्रतिमान जे. एच. फेल्प्स, टकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दाबाने वाकून तुटण्याची फोरगॅच-मेसन यांची कल्पनाच त्याच्या मुळाशी आहे. तंतू एका क्षणात न तुटता ठरावीक दराने तुटत जातो, ही त्यातील महत्त्वाची भर होय. लांब तंतू मर्यादेपलीकडे असूनही काही प्रमाणात का टिकतात, याचा उलगडा त्यामुळे होतो. त्यांना तुटण्याइतका वेळच मिळालेला नसतो.

७. चर्चा

वरील आढाव्यातून ज्ञानाच्या प्रवासाची एक विशेष दिशा दिसते. क्रांतिक लांबीच्या विचाराची बीजे कागदाच्या व धातूच्या अभ्यासात होती. तंतू वाकण्याचे गणित कागदाच्या लगद्यातून आले. थॉमसन यांनी आपल्या प्रयोगांसाठी लागणारे नमुनेदेखील कागद बनविण्याच्या पद्धतीसारख्या ओल्या पद्धतीने तयार केले, कारण इंजेक्शन यंत्रातून ठरावीक लांबीचे तंतू अखंड बाहेर येतील याची शाश्वती नव्हती. ब्रॅट यांचे पेटंट व फोरगॅच-मेसन यांचा निबंध ही दोन्ही १९५९ मधील आहेत. एकाने प्रश्न निर्माण केला व दुसऱ्याने त्याचे उत्तर दिले, परंतु दोघांची गाठ पडण्यास जवळजवळ दोन दशके लागली. ज्ञानशाखांच्या भिंती किती महाग पडतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरा मुद्दा उद्योगाच्या व्यवहाराशी निगडित आहे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकातील ताकदीचे आकडे प्रमाणित चाचणी-पट्टीवर घेतलेले असतात. या पट्टीच्या साच्यात प्रवाह सरळ असतो आणि तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. प्रत्यक्ष वस्तूत वळणे असतात, बरगड्या असतात, अरुंद गेट असतात. त्या आकड्यांवर विसंबून आरेखन केल्यास वस्तू अपेक्षेपेक्षा दुबळी निघते. शिवाय रनरचे उरलेले तुकडे दळून पुन्हा वापरण्याची रीत सर्वत्र आहे. प्रत्येक फेरीत तंतू आणखी आखूड होतात. वजन केले तर काचेचे प्रमाण तेवढेच भरते, म्हणून साध्या तपासणीत हा फरक आढळत नाही. तंतुप्रबलित प्लॅस्टिकच्या पुनर्वापराचा आग्रह जसजसा वाढेल, तसतसा हा जुना प्रश्न नव्या रूपात समोर येणार आहे. काच नष्ट होत नाही, परंतु तिचा गुण नष्ट होतो, ही गोष्ट पुनर्वापराचे धोरण आखताना ध्यानात घ्यावी लागेल.

निष्कर्ष :

१. तंतुभंग हा काचतंतूंच्या इंजेक्शन मोल्डिंगमधील आनुषंगिक दोष नसून तंतू पसरविणे व त्यांची लांबी टिकविणे या परस्परविरोधी गरजांचा परिणाम आहे.
२. लांब तंतूंचा वापर ही अलीकडची कल्पना नाही. १९५० च्या दशकात आरंभ झालेली ही कल्पना तंतू भिजविण्याचे तंत्र सुधारल्यावर १९८० च्या दशकात यशस्वी झाली.
३. तंतुभंगाची मूलभूत कारणमीमांसा कागद व धातू या क्षेत्रांतील संशोधनातून उपलब्ध झाली. प्लॅस्टिक-उद्योगाने ती उशिरा स्वीकारली.
४. प्रतिबल व लांबी यांच्यातील चौथ्या घाताच्या संबंधामुळे एकेरी उपायांना मर्यादा पडतात. दाणे, स्क्रू, साचा व यंत्रचालन यांचा एकत्रित विचार केल्यासच तंतूंची लांबी टिकते.
५. ताठपणावरून वस्तूच्या बळकटीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. तंतूंच्या लांबीची प्रत्यक्ष मोजणी हाच खात्रीचा मार्ग आहे.

समारोप :

एका मिलिमीटरहून कमी लांबीच्या काचेच्या धाग्याचा हा इतिहास वरकरणी तांत्रिक व मर्यादित वाटतो. तथापि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्र-अभियांत्रिकी व गणित या सर्वांचा सहभाग आहे आणि यांपैकी कोणतीही एक शाखा हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवू शकली नाही. महाविद्यालयीन स्तरावर विज्ञानाच्या विविध विभागांनी एकत्र येऊन अभ्यासावा असा हा विषय आहे. भट्टी, सूक्ष्मदर्शक व चिकाटी एवढ्या साधनांवर तंतूंच्या लांबीची मोजणी करता येते. परिसरातील कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूंची अशी तपासणी विद्यार्थ्यांकडून झाली, तर पाठ्यपुस्तकातील सूत्रे आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतील अंतर कमी होण्यास निश्चितच मदत होईल.